वाजणारी पाती

साउथहॅम्प्टन
११ फेब्रुवारी २००७

शाल्मली,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. हे पत्र तुला स्वानंदराव वाचून दाखवणार असं धरून लिहितोय. स्वानंदराव, तुमचं मराठी पुण्याचं, वाचाल झकास. पण एक विनंती आहे. वाचताना आवाजात माया घालू नका, मी घातली असेल तेवढीच राहू द्या. आणि मध्ये काही गाळू नका.

सप्टेंबरात तुम्हाला बाळ होणार हे मला कळलं. तेही स्वानंदरावांनी मंडळाच्या पत्त्यांची यादी मागायला फोन केला तेव्हा, बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं म्हणून. मला आनंद झाला. सरळ लिहितोय, कारण तुझ्या मते मी सरळ कधीच काही बोलत नाही. मला त्या बाळाला भेटायचं आहे, मांडीवर घ्यायचं आहे. दोन वर्षं तीन महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी चालवून घेतलं. बाळ आल्यावरही हेच चालू राहिलं तर मात्र मला ते सोसणार नाही.

कारण आपल्या दोघांनाही पाठ आहे. तरी लिहितो, म्हणजे मी टाळतोय असं कोणी म्हणायला नको. १८ नोव्हेंबर २००४ च्या दुपारी आईच्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. फ्यूज उडाला होता. वीज गेली की ते मशीन अलार्म देतं. तुझं म्हणणं, तू पावणेचारला ऑफिसातून फोन केलास तेव्हा अलार्म तुला फोनमध्ये ऐकू येत होता, आणि जिन्याच्या पायथ्याशी फोन धरून उभा असलेला मी तो ऐकूनही वर गेलो नाही. माझं म्हणणं, अलार्म वाजलाच नाही. मशीनमध्ये दोष असणार. साडेचारला मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा मशीन गप्प होतं आणि वैजूचे ओठ निळे पडले होते. चार दिवसांनी ती गेली. तिची फुप्फुसं वसंतापर्यंत टिकली नसतीच, असं तिच्या कन्सल्टंटने मला सांगितलं, मी ते तुला सांगितलं, आणि त्यावर तू जे बोललीस ते इथे लिहीत नाही.

मी हल्ली काय करतो हे तू विचारलेलं नाहीस. धनुष्यबाण. हसू नका, स्वानंदराव. न्यू फॉरेस्टमध्ये केन पर्किस म्हणून एक रिटायर्ड सुतार आहे. २००१ मध्ये त्याचा डावा खुबा मी बदलला. तो जुन्या पद्धतीची लाकडी धनुष्यं बनवतो, ना चाकं ना दुर्बीण, नुसती काठी आणि दोरी. त्याच्या घरामागच्या शेतात आम्ही फोमच्या हरणांवर बाण मारतो. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. फ्रान्समध्ये चालते, तेव्हा जूनमध्ये केन मला तिथे नेणार आहे. रीतसर, कागदपत्रं करून. वैजू असती तर तिने महिनाभर माझ्या ताटात नुसता दोडका वाढला असता.

शिकारीच्या बाणाला रुंद, धारदार पातं लावतात. माझ्या पात्याला तीन धारा आहेत, आणि वजन कमी व्हावं म्हणून प्रत्येक धारेत एक लांबट भोक कापलेलं आहे. केन म्हणतो माझी पाती वाजतात. हवा त्या भोकांतून जाते आणि शीळ घुमते, हरणाला आधीच वर्दी मिळते. मी म्हटलं, काहीतरीच काय! चांगली महिनाभर वापरतोय, हूं नाही की चूं नाही.

उत्तर आलं तर बरं वाटेल.

बाबा


२२ एप्रिल २००७

शाल्मली,

स्वानंदरावांचा टेक्स्ट मिळाला. "वाचलं. काही बोलली नाही, पण उठून गेली नाही." एवढ्यावर मी दोन महिने काढले. स्वानंदराव, तुम्ही फार कंजूष लिहिता.

बाळ जन्मल्यावर त्याचे खुबे नीट तपासून घ्या. ज्युनिअर डॉक्टर घाईत असतात, पाय दोनदा फाकवून बघतात आणि टिक मारतात. शंका आली तर स्कॅन मागा. ऐकलं नाही तर माझं नाव सांगा, आणि माझं नाव आता तिथे कोणाला ठाऊक नसेल तर नुसताच आवाज चढवा.

इकडे पात्यांवरून केनशी माझी रोज जुंपते. तो म्हणे वाजतात, मी म्हणे नाही. शेवटी म्हटलं, ठीक आहे, एकेक कारण खोडून काढू. आधी पिसं. बाणाच्या शेपटीचं पीस फाटलं की फडफडतं. नवी लावली. मग दांडी. किचन टेबलवर बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवला, पातं तसूभरही डुलत नाही. मग दोरी. तिला लोकरीचे गोंडे बांधले, म्हणजे सोडल्यावर टणत्कार होऊ नये. अडतीस वर्षं हाडं जुळवली आहेत, बाण सरळ आहे की नाही ते मला कळतं. एवढं सगळं करून बाण सोडला. केनने मान हलवली. "गातंय अजून, डॉक."

त्यात त्याची बायको किचनच्या दारातून म्हणते, किटलीसारखं वाजतं. तिचं एक ठरलेलं आहे, नवऱ्याची री ओढायची.

केनचा उपाय सोपा आहे. भोकांवर काळी टेप चिकटवायची, की हवा जायची वाट बंद. तो स्वतः तसंच करतो. टेपचं रीळ त्याने माझ्या हातात ठेवलं. मी ते परत दिलं. जे मोडलेलं नाही त्याला मी प्लास्टर घालत नाही, म्हटलं. त्याने रीळ खिशात टाकलं. इंग्रज माणूस गप्प बसला की आपल्याला वाटतं त्याला पटलं.

मला तुझी आठवण येते. हे वाक्य गाळू नका, स्वानंदराव.

बाबा


(पोस्टकार्ड, फ्रान्स)
१४ जून २००७

शाल्मली, हवा छान आहे. ब्रेड उत्तम. हरीण मिळालं नाही. उद्याच्या फेरीबोटीने परत. तब्येत सांभाळ, पाय वर करून बस.

बाबा


साउथहॅम्प्टन
२९ जुलै २००७

शाल्मली,

पोस्टकार्डावर लिहिलं ते खोटं होतं. हरीण मिळालं. कसं ते सांगतो. स्वानंदराव, तिला या दिवसांत ऐकवत नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा. एवढाच.

छोट्या जातीचा नर होता, शेळीएवढा. वीस पावलांवर आडवा उभा राहून पाला खात होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येणारा, त्याला कसलीच कल्पना नाही. मी बाण सोडला तो बरोबर सोडला. केनही तसंच म्हणतो. बाण अर्ध्या वाटेत असताना हरणाने मान झटकन उचलली आणि ते वळलं. छातीत लागायचा तो बाण मागच्या मांडीत लागला. मग आम्ही साडेचार तास रक्ताचे थेंब शोधत फिरलो. केनच्या फ्रेंच मित्राच्या कुत्रीने ते शेवटी ओढ्याकाठी गाठलं, आणि त्या मित्राने ते संपवलं. मांडीचं हाड मध्यावर मोडलं होतं. तसल्या हाडावर साडेचार तास ते चाललं होतं. असलं हाड माणसात कसं दुखतं ते मला माहीत आहे, आयुष्यभर तेच ऐकत आलो. मला शरम वाटली. इतकी शरम मला कधी वाटल्याचं आठवत नाही. मी गवतात बसून राहिलो. केनने खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "त्याला तू येताना ऐकू आलास, डॉक."

घरी आल्यावर मला हे पटेना. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तेव्हा मी केनला चूक ठरवायला एक ट्रायल आखली, अगदी जर्नलमध्ये छापावी अशी. दहा बाण. पाच पात्यांच्या भोकांवर टेप, पाच उघडी. क्रम केनने टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवायचा, कोणाला सांगायचा नाही, आणि बाणही त्यानेच सोडायचे. मी शेताच्या कडेला, मातीच्या बांधाआड, डोळ्यांवर टॉवेल बांधून. मिसेस पर्किस मागच्या दारात पाठ करून मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनाही एक वही दिली. प्रत्येक बाणानंतर लिहायचं, वाजला की नाही वाजला.

मिसेस पर्किस, दहापैकी दहा. त्या माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठ्या आहेत आणि तेवढ्या वेळात त्यांचे मटारही सोलून झाले. मी, दहापैकी चार. नाणं उडवलं असतं तर पाच आले असते.

खरं सांगायचं तर मला दहाही बाण सारखेच वाटले होते. मी नुसतं ठोकून दिलं होतं.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी सुचेताकडे जाऊन कान तपासले. ती जुन्या हॉस्पिटलातली ऑडिओलॉजिस्ट, साताऱ्याची. काचेच्या खोलीत बसवून तिने अर्धा तास टोन ऐकवले. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, ऑपरेशनला करवत, ड्रिल किती वर्षं वापरलंत?" म्हटलं, अडतीस. "कानात कधी काही घालायचात?" म्हटलं, आमच्या वेळी नव्हतं गं तसलं काही. तिने कागद माझ्यासमोर फिरवला. खालचे, जाड आवाज ठीक आहेत. तीन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ जी खाली गेली आहे ती वर येतच नाही. "कधीपासून असेल?" मी विचारलं. "दहा-बारा वर्षं तरी," ती म्हणाली. "घरात कोणी बोललं नाही?"

वैजू बोलायची. टीव्हीचा आवाज, मायक्रोवेव्हची घंटी, दाराची बेल. मला वाटायचं, ही उगाच टोमणे मारते.

नंतर मी ऑक्सिजनचं मशीन पुरवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. मॉडेल नंबर माझ्याकडे होता. उत्तर आलं. त्या मॉडेलचा अलार्म तीन हजार हर्ट्झच्या जरा वर वाजतो. वीज गेली की आतल्या बॅटरीवर साधारण अर्धा तास वाजतो आणि मग आपोआप थांबतो. त्या आठवड्यात मशीन परत गेलं तेव्हा त्यांनी ते तपासलं होतं. दोष नव्हता.

तेव्हा, त्या दुपारी अलार्म वाजला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मशीनमध्ये दोष होता हे माझं मत मी मागे घेतो.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला तीन दिवस लागले. मला वाईट वाटतंय, शाल्मली. फार वाईट वाटतंय. त्या फोनवर आपण काय बोललो त्याबद्दल अजून लिहीत नाही. ते माझ्याने लिहवत नाही.

बाबा


३० सप्टेंबर २००७

स्वानंदराव,

काल तुम्ही फोनवर म्हणालात, मुलगी झाली, सगळं नीट आहे, खुबेही तपासले, आणि आठ तारखेपासून तुमची नोकरी पुन्हा सुरू होतेय. मग शाल्मलीने फोन तुमच्या हातातून घेतला. पावणेतीन वर्षांनी. ती म्हणाली, "कम, बाबा. यू कॅन डू द आफ्टरनून्स." दुपारी ती दोन तास झोपेल आणि बाळ माझ्याकडे. फेब्रुवारीपासून मी याच्याचसाठी लिहीत होतो. मी हो म्हटलं, बॅग काढली, शर्ट भरले. तुमच्या एजवेअरला कुठली ट्रेन, कुठे बदलायचं, सगळं कागदावर उतरवून घेतलं. आणि मग बॅगेशेजारी बसून राहिलो.

खालचं पत्र तुम्ही वाचून दाखवायचं नाही. तुम्ही स्वतः वाचायचंही नाही. तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. तिला अक्षरं येतात, जोडाक्षरं येत नाहीत. सात वर्षांची असताना मंडळाच्या रविवारच्या शाळेत जोडाक्षरांचा धडा आला आणि तिने शाळा सोडली. मी चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. म्हणून खाली एकही जोडाक्षर घातलेलं नाही. एवढ्याशा मजकुराला अख्खी सकाळ गेली. पाच कागद फाडले. तिच्या नावातच एक जोडाक्षर आहे, तेव्हा तेही लिहिता येईना. वैजू तिला ज्या नावाने हाक मारायची ते लिहिलं आहे.

शशिकांत


शमू,

हे तू एकटीने वाच. हळूहळू वाच.

मशीन वाजत होते. तू खरे सांगितलेस. मला ऐकू आले नाही. पण तू इतकी सांगत होतीस, ते तरी मी ऐकायला हवे होते.

आता फोन.

तू विचारलेस, "बाबा, तिथे काय वाजते?" मला वाटले, तू वेळ विचारतेस आणि मराठी चुकतेस. मी रागावलो. मी बोललो, "काय वाजते नाही. किती वाजले, असे विचारावे. पावणेचार वाजले." तू परत विचारलेस. मी परत तेच शिकवले. मग तू रागाने फोन ठेवलास.

आई वर होती. तिला हवा कमी पडत होती. आणि मी खाली उभा राहून तुला मराठी शिकवत होतो.

तुला वाटत असेल, तू परत फोन करायला हवा होता. तसे नाही. तू विचारलेस. दोनदा विचारलेस. तुझी काही चूक नाही. चूक माझी. माफ कर असे मी लिहीत नाही. ते तू ठरव.

मी येईन. बाळाला मांडीवर घेईन. पण दुपारी घरात मी आणि बाळ दोघेच जागे, असे नको. बाळ मोठमोठाने रडले तर मला ऐकू येईल. कुरकुरले, ठसकले, घुसमटले, तर येणार नाही. कानात मशीन बसवले आहे, तरी येणार नाही. मला वाटेल, बाळ झोपले आहे.

तू झोप, पण आणखी कोणीतरी घरात असू दे. मी भांडेन. मला सगळे कळते, असे बोलेन. तरी बाळाजवळ मला एकटे सोडू नकोस.

बाबा